रोजची यादी ‘मागील पानावरून पुढे’ जात राहते: काय तपासायचं, आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

खालच्यापैकी तीन-चार गोष्टी गेले दोन-तीन आठवडे सलग जुळत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

- एकच काम तीनपेक्षा जास्त वेळा पुढच्या तारखेला उतरवलं गेलंय.
- दिवसभर क्षणाची उसंत नव्हती, तरी रात्री ‘आज नक्की काय झालं?’ याचं उत्तर सापडत नाही.
- सकाळी यादी उघडली की नजर आधी सोप्या कामावर जाते. मोठं काम ‘जरा निवांत झाल्यावर’ करायचं ठरतं आणि ते निवांत होणं येतच नाही.
- प्रत्येक काम शेवटच्या दिवशी हातघाईवर येऊन होतं, आणि ते होईस्तोवर दुसरं एखादं बुडतं.
- अंथरुणावर पडल्यावर राहिलेली कामं एकेक करून आठवायला लागतात.
- कोणी ‘एक छोटंसं काम होतं’ म्हणालं की पोटात गोळा येतो.

माझं रोजचं काम वेळापत्रकं लावण्याचं आहे. त्यामुळे ओळखीचे लोक त्यांच्या स्वतःच्या याद्याही घेऊन येतात, आणि हा एकच बिघाड मी इतक्यांदा बघितलाय की वही उघडल्यावर पहिल्या दोन पानांतच तो कुठे असेल याचा अंदाज येतो. बहुतेक जण येण्याआधी एक उपाय करून चुकलेले असतात: कामांना १, २, ३ आकडे दिलेले असतात, लाल-पिवळे रंग लावलेले असतात, नाहीतर नवं ॲप घेतलेलं असतं. चार दिवस बरे जातात आणि यादी पुन्हा तुंबते. यात त्या माणसाचा आळस नसतो. त्याने क्रम दुरुस्त केलेला असतो, पण बिघाड क्रम लावण्याच्या आधीच झालेला असतो. यादीत काय लिहिलंय, किती लिहिलंय आणि ते दिवसात मावतं का, हे न बघता लावलेला कोणताही क्रम टिकत नाही.

म्हणून खालच्या तपासण्या आहेत त्याच क्रमाने करा. सुरुवातीच्या फुकट आणि पाच-दहा मिनिटांच्या आहेत, शेवटच्या अवघड. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला तीन-चार दिवस द्या. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

१. यादी किती ठिकाणी आहे?

पाच मिनिटांचं काम. वही, फोनमधल्या नोट्स, स्वतःलाच पाठवलेले मेसेज, तारा लावून ठेवलेले ईमेल, टेबलावरच्या चिठ्ठ्या, आणि डोक्यात धरलेली कामं. सगळ्या जागा मोजा. दोनपेक्षा जास्त निघाल्या तर आज सगळं एका जागी उतरवून काढा. कागद की फोन, यावर वेळ घालवू नका. जे तुम्ही दिवसातून तीनदा सहज उघडता, ते घ्या.

हे आधी का? कारण चार ठिकाणच्या कामांची आपसात तुलनाच होत नाही. वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम तुम्ही करत बसता, आणि त्याहून महत्त्वाचं एखादं मेसेजच्या ढिगात पडलेलं असतं. शिवाय कुठेतरी काहीतरी राहिलंय अशी हुरहूर दिवसभर पाठ सोडत नाही.

२. ओळ वाचून हात कुठे जातो?

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त याद्या इथेच दुरुस्त होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

एका मित्राच्या वहीत ‘विमा’ हा एवढाच शब्द अकरा दिवस उतरत आला होता. पहिल्या पानावर निळ्या शाईत सरळ, नीट अक्षरात. पाचव्या पानावर त्याच्याभोवती चौकोन. आठव्या पानावर दोन उद्गारचिन्हं. अकराव्या पानावर घाईघाईत लिहिलेलं नुसतं ‘वि.’ मी विचारलं, “हे काम करायला आत्ता बसलास, तर पहिल्यांदा हात कशाला लावशील?” तो गप्प झाला. मग म्हणाला, “पॉलिसीचा नंबर लागेल.”

“तो कुठंय?”

“जुन्या ईमेलमध्ये असेल. नाहीतर कपाटातल्या फाइलीत.”

आम्ही ‘विमा’ खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘कपाटातली निळी फाइल काढून पॉलिसी नंबर वहीत लिहिणे, १० मिनिटं.’ त्याच संध्याकाळी ते झालं. नंबर हाती आल्यावर लक्षात आलं की खरं काम वारसाचं नाव बदलण्याचं आहे, त्यासाठी फॉर्म मिळवायचा, भरायचा, ओळखपत्राची प्रत जोडायची आणि नेऊन द्यायचा. एका शब्दामागे सगळं गाठोडं होतं. गाठोडं कोणी उचलत नाही, माणूस ते बाजूला सारून पुढे जातो.

आता तुमची यादी घ्या आणि प्रत्येक ओळ वाचा. ‘बँक’, ‘घराची कागदपत्रं’, ‘अभ्यास’, ‘दादाशी बोलणं’ अशा नुसत्या नामांच्या ओळींवर खूण करा. ज्या ओळी सलग तीन दिवस पुढे गेल्यात त्यांच्यावरही करा. मग प्रत्येक खुणेच्या ओळीला एकच प्रश्न विचारा: मी उठून पहिली हालचाल काय करीन? ती हालचाल लिहा, क्रियापदासकट. ‘फोन करणे’, ‘शोधणे’, ‘छापणे’, ‘विचारणे’. पहिली हालचालच सुचत नसेल तर ‘यात पहिलं काय करायचं ते अमुकला विचारणे’ हीसुद्धा हालचाल आहे.

शक्य तिथे त्या ओळीला वेळ आणि जागाही जोडा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं १९९९ मधलं लिखाण याच मुद्द्यावर आहे: ‘मी हे करणार’ एवढ्या इराद्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं ठरवणाऱ्यांची कामं जास्त पार पडतात. ‘व्यायाम’ लिहू नका, ‘सकाळी दात घासून झाले की लगेच बूट घालणे’ लिहा.

रात्री कामं आठवून झोप मोडत असेल, तर त्यावरही हाच इलाज आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की अपुरं राहिलेलं काम दुसरं काही करताना मनात घुसत राहतं, पण ते कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम अजून झालेलं नसतानाही हे घुसणं थांबतं. म्हणजे मनाला काम संपायलाच हवं असतं असं नाही, ते कुठे, केव्हा, कसं होणार हे ठरलेलं त्याला पुरतं. मी झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या ओळी अशा लिहितो. वर्षानुवर्षं टिकलेली ही माझी एकमेव सवय आहे.

३. बेरीज करा

लागतो एक पेन आणि पंधरा मिनिटं. पण लोक हे टाळतात, कारण उत्तराची भीती वाटते.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी मला त्यांचं पान दाखवलं होतं. २३ कामं, बारीक अक्षरात, समासातही दोन-तीन घुसवलेली. आम्ही प्रत्येकासमोर मिनिटं लिहिली. बेरीज आली १२ तास ४० मिनिटं. मग त्या दिवशीच्या ठरलेल्या मीटिंगा, जाण्यायेण्याचा वेळ, जेवणं आणि घरातली न टळणारी कामं वजा केली. हातात उरले ३ तास २० मिनिटं. त्या त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा केली. शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे मी कमी पडत नव्हते.”

ते वाक्य मी विसरू शकत नाही. किती माणसं रोज रात्री स्वतःला दोष देत झोपतात, आणि चूक असते ती फक्त वजाबाकी न केल्याची.

तर पद्धत अशी. दिवसातले बांधलेले तास आधी वजा करा. उरलेल्या वेळेचे तीन भाग करा आणि त्यातले दोनच भरा. तिसरा भाग आज अचानक येणाऱ्या कामांसाठी मोकळा सोडा, कारण ती येणारच. त्या बाईंच्या ३ तास २० मिनिटांपैकी आम्ही साधारण १३० मिनिटं भरायला घेतली. त्यात तीन कामं बसली: एक तासाचं एक, पाऊण तासाचं एक आणि २५ मिनिटांचं एक. बाकीची वीस ‘आज नाही’ असं शीर्षक देऊन वेगळ्या पानावर गेली. त्यातल्या ज्यांना तारीख होती त्यांच्यापुढे वार लिहिला. त्या दिवशी तिन्ही कामं झाली. २३ च्या यादीतली तीन झाली असती तर तोच दिवस हरल्यासारखा वाटला असता.

‘आज नाही’चं पान टाळू नका. वीस कामं नुसती खोडली तर मन ती डोक्यात धरून ठेवतं आणि दुखणं पहिल्या तपासणीवर परत येतं. लिहून ठेवलेली असली की सोडता येतात.

४. तुमचे अंदाज किती खोटे निघतात?

वरच्या बेरजेतली मिनिटं तुम्ही अंदाजानेच लिहिली, आणि अंदाज जवळजवळ सगळ्यांचेच कमी पडतात. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच या प्रवृत्तीवर बोट ठेवलं होतं. १९९४ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. गंमत म्हणजे, सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही त्यांना विचारलं होतं. तो अंदाजही सरासरी ४९ दिवसांच्या आतच होता.

यावर स्वतःला रागावून उपयोग नाही, मोजूनच उपयोग आहे. एक आठवडा प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: सुरू करण्याआधीचा अंदाज आणि संपल्यावरचा खरा वेळ. आठवड्याच्या शेवटी दोन्ही बेरजांचा भागाकार करा. ३०० मिनिटांचा अंदाज होता आणि ४५० लागली, तर तुमचा गुणक दीड. पुढच्या आठवड्यापासून सवयीप्रमाणेच अंदाज करा आणि दिडीने गुणा. माणसागणिक हा गुणक वेगळा निघतो, आणि एकाच माणसाचाही कामागणिक वेगळा. लिखाणाच्या कामात माझा दोनच्या जवळ जातो, फोन आणि पत्रव्यवहारात एकच राहतो. म्हणून दुसऱ्याचा गुणक उसना घेऊ नका.

एक उलटा दोषही असतो. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये मांडलेलं सूत्र अनेकांच्या कानावरून गेलं असेल: जेवढा वेळ हातात असेल तेवढं काम पसरतं. घर आवरणं, ईमेलला उत्तरं, एखाद्या सादरीकरणाची सजावट ही कामं अशी पसरणारी. त्यांचा खरा वेळ मोजून काही हाती लागत नाही. त्यांना आधीच हद्द घालावी लागते, ‘४० मिनिटं, मग जिथे असेल तिथे थांबणे’ अशी.

५. तातडी कोणाची आहे?

आता कुठे प्रत्यक्ष प्राधान्यक्रमाची पाळी येते.

बरेच जण चार चौकोनांपासून सुरुवात करतात: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, वगैरे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला होता, तोही एका माजी कॉलेजप्रमुखाचा दाखला देऊन. त्यावरून हे चौकोन त्यांच्या नावाने ओळखले जातात. फरक खराच मोलाचा आहे. पण मी सुरुवातीला हे चौकोन काढायला सांगत नाही. मी बघितलेल्या चौकोनांत जवळपास सगळी कामं पहिल्याच चौकोनात जाऊन बसलेली असतात, कारण भरताना माणूस घाबरलेला असतो.

२०१८ मधलं एक संशोधन हे दाखवतं. मुदत थोडी असलेलं काम लोक आधी निवडतात, मुदत जास्त असलेल्या दुसऱ्या कामात त्यांचा स्वतःचा फायदा अधिक असला तरी. स्वतःला कायम व्यग्र समजणाऱ्या लोकांत ही ओढ जास्त दिसली. त्यातच उपायही होता: निवड करतानाच परिणामांकडे लक्ष वेधलं की ओढ कमी होते.

म्हणून चौकोनांऐवजी प्रत्येक कामाला विचारा: हे आज नाही केलं तर काय होईल, कोणाचं, आणि केव्हा? उत्तर मोठ्याने म्हणा किंवा लिहा. मनातल्या मनात दिलं की ते धूसर राहतं. उत्तरं साधारण चार प्रकारची येतात.

काही कामांत दार कायमचं बंद होतं: अर्जाची शेवटची तारीख, दंड, हुकणारी अपॉइंटमेंट. ही आधी.

काही कामांत दुसरं कोणीतरी तुमच्यासाठी अडून बसलेलं असतं. तुमची एक सही, एक ‘हो’, एक फाइल. ही कामं पाच-पाच मिनिटांची असतात म्हणून मागे पडतात, पण तुमच्या पाच मिनिटांसाठी समोरच्याचे दोन दिवस जातात. दुसऱ्याला मोकळं करणारं काम मी दिवसाच्या सुरुवातीला करतो. हा नियम पाळायला लागल्यापासून मला येणारे ‘झालं का?’ असे फोन निम्म्याहून कमी झालेत, आणि त्या फोनांत जाणारा वेळही वाचलाय.

काहींचं उत्तर येतं, ‘आज काहीच होणार नाही, उद्याही नाही, पण वर्षभराने फार महाग पडेल.’ आरोग्य तपासणी, महत्त्वाची कागदपत्रं, शिकायचं ठेवलेलं कौशल्य, आईवडिलांशी एखादा बोलायचा विषय. ही खरी भिजत पडलेली घोंगडी. यांना कधीच घाई होत नाही, त्यामुळे क्रमवारीत ती आपोआप वर येणार नाहीत. यांना क्रम देऊ नका, ठरलेला वार आणि तास द्या. आठवड्यातून दोनदा ४० मिनिटं, दिवसाचे मेसेज उघडण्याआधी. मेसेज उघडल्यानंतर तो तास तुमचा राहत नाही.

आणि काहींचं उत्तर असतं, ‘खरं तर कधीच काही होणार नाही.’ ती खोडून टाका. यात अपराधी वाटायचं कारण नाही. तीन महिन्यांपूर्वीच्या तुम्हाला जे करावंसं वाटलं, ते आजच्या तुमच्यावर कर्ज नाही.

६. मधे किती वेळा तुटतं?

यावर इतकं लिहिलं जातं की मी थोडक्यात सांगतो. एक दिवस कागदाच्या कोपऱ्यात, काम सोडून दुसरीकडे गेलात की एक रेघ ओढा. मग रेघा दोन गटांत मोजा: बाहेरून कोणी तोडलं, आणि तुम्हीच उठून फोन बघितला. दुसरा गट मोठा निघाला तर नोटिफिकेशन बंद करणं आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं पुरतं. पहिला मोठा निघाला तर आठव्या तपासणीवर जा, कारण तो प्रश्न शिस्तीचा नाही.

सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. मधेच उठावंच लागलं तर उठण्याआधी ‘परत आल्यावर पुढचं वाक्य हे, पुढची नोंद ती’ एवढं चिठ्ठीवर लिहा. अर्ध्या मिनिटाची चिठ्ठी परत आल्यावरची दहा मिनिटं वाचवते.

७. येतात किती, जातात किती?

इथपर्यंत सगळं केलं, तीन-चार आठवडे झाले, तरी ‘आज नाही’चं पान वाढतच चाललंय. मग प्रश्न दिवसाच्या आखणीचा राहिलेला नाही.

दोन आठवडे रोज दोनच आकडे लिहा: आज यादीत नवी किती आली, आज किती हातावेगळी झाली. रोज सरासरी सहा येतात आणि चार जातात, तर महिन्याला साठ कामं साठतात. यावर कोणताही क्रम, रंग किंवा ॲप चालणार नाही. टाकीत येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त असेल तर ती भरून वाहणारच.

येणारी आणि जाणारी सारखी असतील तरी एक हिशेब कामाचा आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम कारखान्यांपासून रांगांपर्यंत सगळीकडे वापरतात. आपल्या यादीपुरता तो असा: यादीतल्या एकूण कामांना रोज होणाऱ्या कामांनी भागा, म्हणजे एक काम सरासरी किती दिवस यादीत बसून राहतं ते कळतं. यादीत ६० कामं आणि रोज चार होतात, म्हणजे सरासरी पंधरा दिवस. तुम्ही लोकांना ‘दोन-तीन दिवसांत करतो’ म्हणत असाल तर शब्द रोज मोडणार आहे, कितीही धावपळ केली तरी. खरा आकडा कळला की निदान खरं सांगता येतं.

८. काम परत द्यायचं किंवा नाकारायचं संभाषण

ही तपासणी महाग आहे, कारण तिची किंमत संकोचात मोजावी लागते. पण सातवीचा आकडा विरुद्ध निघाला असेल तर दुसरा मार्ग नाही.

नोकरीत वरिष्ठांकडे जाताना ‘खूप काम आहे’ असं म्हणू नका. ते सगळेच म्हणतात. वहीचं पान घेऊन जा आणि सांगा: “या आठवड्यात माझ्याकडे ही चार कामं आहेत आणि इतके तास आहेत. हे पाचवं घेतो, पण मग यातलं कोणतं मागे ठेवू?” निवड त्यांच्या हाती द्या. कित्येकदा वरिष्ठांना ती चार कामं तुमच्याकडे आहेत हेच माहीत नसतं, कारण ती वेगवेगळ्या लोकांनी दिलेली असतात.

घरात हे जास्त नाजूक असतं. माझ्या ताईशी याच विषयावर बोलत होतो. मी म्हटलं, “ताई, घरातल्या कामांची वाटणी कर ना सरळ.” ती म्हणाली, “अरे, वाटणी झालीये. कामं सगळे करतात. आठवण मलाच ठेवावी लागते.” तोवर माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बिल दुसरा भरतो, पण त्याची तारीख तिच्या डोक्यात. औषधं दुसरा आणतो, पण संपत आलीत हे ती बघते. यादीत न दिसणारं आणि कधीच न संपणारं ते काम तिच्याकडेच राहिलं होतं. तेव्हा घरात काम सोपवाल तेव्हा लक्ष ठेवणं, तारीख आणि पाठपुरावा यांसकट पूर्ण सोपवा. पहिले दोन महिने एखादी तारीख चुकेल. ती चुकू द्यावी लागते, नाहीतर आठवण पुन्हा तुमच्याकडेच परत येते.

९. झोप

खरं तर ही आधी यायला हवी होती, पण झोप दुरुस्त करणं सोपं नसतं म्हणून इथे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी लोकांना सलग १४ रात्री सहा तासांपेक्षा जास्त झोपू दिलं नाही. शेवटी त्यांचं लक्ष आणि कामाची अचूकता इतकी घसरली होती, जितकी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांची घसरते. आणि ही घसरण त्यांना स्वतःला फारशी जाणवत नव्हती. काय आधी करायचं हे ठरवायला लागणारी शक्ती अशी जाते की गेल्याचं कळत नाही. दोन आठवडे झोपेचे तास यादीच्याच पानावर लिहा. ज्या दिवशी यादी कोसळते त्याच्या आदल्या रात्रीचा आकडा बघा.

कुठे थांबायचं आणि कोणाला गाठायचं

काही कामं यादीत पडून राहतात ती आपल्याला ती येत नाहीत म्हणून. कर, कोर्टाचे कागद, घरातली वीज. असं काम दोन वेळा सुरू करून सोडलं असेल तर तिसऱ्यांदा यादीत लिहू नका, त्या विषयाच्या जाणकाराची वेळ घेणं लिहा.

पण खालच्यापैकी काही असेल तर या सगळ्या तपासण्या थांबवा. हा वेळेच्या आखणीचा बिघाड नाही आणि वहीने बरा होणार नाही.

- दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, मन उदास आहे किंवा आवडत्या गोष्टीतही रस उरलेला नाही. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ.
- जगणं नकोसं वाटतं, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात. हे आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या.
- विसरणं, वस्तू हरवणं, सुरू केलेलं अर्धवट सोडणं हे लहानपणापासून आहे, शाळेतही होतं, आणि घर व काम दोन्हीकडे त्रास देतं. एडीएचडीची तपासणी करून घ्या. निदानासाठी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, म्हणून जमलं तर लहानपण बघितलेल्या कोणाला सोबत न्या.
- उलट, पूर्वी सगळं व्यवस्थित जमायचं आणि गेल्या काही महिन्यांत विसराळूपणा किंवा गोंधळ नव्याने आलाय. यात उशीर करू नका.
- पूर्ण झोप घेऊनही थकवा जात नाही. थायरॉइड, रक्तक्षय, ब-१२ ची कमतरता किंवा झोपेत श्वास अडकणं यांतलं काहीही असू शकतं, आणि साध्या तपासण्यांतून ते कळतं.
- कामाचं नाव काढलं की गळून गेल्यासारखं होतं, त्या कामाविषयी मनात तुटलेपण आलंय, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’चं वर्णन या तीन खुणांनी केलं आहे. त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा परिणाम म्हटलंय. समुपदेशकाची मदत घ्या, आणि आठव्या तपासणीतलं संभाषण एकट्याने करू नका.

ताईच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. यादी छोटी, ओळी स्पष्ट, घरात आठवणीचीही वाटणी झालेली. तरी दुपारी तीननंतर तिच्या पानावर एकही खूण नसायची. तीन आठवडे हे बघितल्यावर मी तिला म्हटलं, आता वही बंद कर आणि डॉक्टरांकडे जा. तिने वहीची तीच पानं सोबत नेली: झोपेचे तास, अंदाज आणि खरा वेळ, कोणत्या वेळेनंतर काम थांबतं. डॉक्टरांनी ती वाचली आणि रक्त तपासायला सांगितलं. थायरॉइड कमी निघालं. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी असते, आणि ती घेऊन झाली की ताई पानावर पहिली खूण करते.